बिनबोलाचा खो

शिवानी सिस्टर स्टुलावरून उठली आणि बायकांच्या वॉर्डातलं बोलणं एकदम थांबलं.

भर दुपार होती. जेवणं उरकली होती, पंखे घरघरत होते आणि भेटायला आलेली मंडळी भडंगाच्या पुड्या सोडून खाटांच्या कडेला ऐसपैस बसली होती. दवाखाना म्हणजे जत्राच आहे असं समजून येणारे नातेवाईक कोल्हापुरात काही कमी नाहीत. एका म्हातारीची सून शेजारच्या खाटेवरच्या बाईला आपल्या नणंदेचं ठरलेलं लग्न कसं मोडलं ते रंगवून सांगत होती. नवरदेवाचा मामा ताटावरून उठला, इथपर्यंत ती आली होती आणि तिथेच थबकली. सिस्टर कुठल्या खाटेकडे निघाली ते प्रत्येकीला बघायचं होतं, आणि आपल्या खाटेकडे येऊ नये एवढंच प्रत्येकीला वाटत होतं. दाराजवळच्या बाईने तर चादर हनुवटीपर्यंत ओढून डोळे मिटून घेतले.

शिवानी नाकासमोर चालत गेली आणि खिडकीजवळच्या खाटेपाशी थांबली. तिथली तरुण बाई शांत झोपलेली दिसत होती. शिवानीने तिच्या मनगटावर बोटं ठेवली, गालावर थोपटलं, आणि दाराशी उभ्या असलेल्या चिमणाबाई आयाला म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा. पळत जा, चिमणाबाई."

त्या बाईला सकाळी दिलेलं औषध सोसलं नव्हतं. ओठ सुजले होते, श्वास आखडत चालला होता. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळाने बाई उठून बसली व चहा मागू लागली. एवढं झाल्यावर कुणीतरी सिस्टरचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी ती मोडलेल्या लग्नाची गोष्ट सांगणारी सून तरातरा मेट्रनच्या खोलीत गेली.

"ती सिस्टर आमच्या म्हातारीजवळ याय नको. आधीच सांगून ठेवतो," ती म्हणाली. "जिच्याजवळ ही उठून जाती, तिचं काय खरं न्हाय बघा. गेल्या म्हैन्यात ती कोपऱ्यातली म्हातारी गेली. त्याच्या आधी ती बाळंतीण. सगळा वॉर्ड बोलतोय की."

ती खोटं बोलत नव्हती. शिवानी उठून गेली म्हणजे त्या खाटेवर काहीतरी बिघडलेलं असे. बहुतेक जणी वाचत, काही वाचत नसत. वाचलेल्या बायका डबा-पिशवी घेऊन घरी जात आणि गेलेल्यांची गोष्ट तेवढी वॉर्डात मागे राही. नव्याने दाखल झालेल्या बाईला जुन्या बायका आधी संडास कुठे आहे ते सांगत आणि मग शिवानी सिस्टरबद्दल सांगत.

संध्याकाळी मेट्रनने तिला बोलावून घेतलं. मेट्रन स्वभावाने वाईट नव्हती, फक्त रोजच्या कटकटींना कंटाळलेली होती.

"तुझ्या कामात खोट नाही," ती म्हणाली. "पण तू उठलीस की सगळ्या वॉर्डाचं बी.पी. वाढतं, त्याला मी काय करू? सोमवारपासून ड्रेसिंग रूमला जा."

"मला वॉर्डातच राहू द्या, मॅडम."

"का पण? तिथं काम कमी आहे. खुर्ची आहे, पाठ टेकायला तरी मिळेल. इथं त्या स्टुलावर बसून काय मिळतंय तुला?"

शिवानीकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

बाहेर आल्यावर चिमणाबाई तिच्या मागे आली आणि पदराच्या टोकाने तिची पाठ झटकू लागली. "सिस्टर, पाठीला काय लागलंय वो? काळं काळं. सकाळी तर न्हवतं. कुठं टेकलासा?"

"कुठं नाही," शिवानी म्हणाली. त्या स्टुलाला पाठ नव्हतीच.

घरी गेल्यावर तिने युनिफॉर्म काढून उजेडात धरला. पांढऱ्या कापडावर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक तळवा आणि पाच बोटं उमटली होती. नेहमीसारखीच, पुसट. साबण लावून तिने ती धुऊन टाकली. ती काळी वाळू कशी निघते ते तिला चांगलं माहीत होतं.

ती वाळू शिरोलीची. ब्याण्णव सालच्या सुमाराला शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या मालकाला खो-खोचा नाद लागला होता. लोक पैलवान पोसतात, त्याने पोरींचा संघ पोसला. कागदोपत्री पोरी हेल्पर म्हणून लागलेल्या, पण काम एकच, खेळायचं. दरमहा पगार, बूट, स्पर्धेला जायला गाडी. शिवानीचे वडील बाळासो कांबळे त्याच फौंड्रीत भट्टीवर कामाला होते. गडमुडशिंगीच्या शाळेत पोरांनासुद्धा पळण्यात हरवणारी आपली पोरगी त्यांनी स्वतः नेऊन मालकासमोर उभी केली. पहिल्या पगारात तिने वडिलांना घड्याळ घेतलं. भट्टीच्या धगीने त्याची काच तडकली, तरी त्यांनी ते मनगटावरून काढलं नाही.

सरावाचं मैदान फौंड्रीच्या मागे होतं. साच्यांची जळकी काळी वाळू तिथे पसरलेली असे. एक डाव झाला की पोरींचे तळवे काळे होत आणि पांढऱ्या बनियनांवर एकमेकींचे हात उमटत. कुणाला जास्त खो मिळाले ते पाठीवरून कळे.

खो-खोत बसलेल्या पोरींची तोंडं एकाआड एक उलट्या दिशांना असतात. पळणारीचा पाठलाग करणारी एखाद्या बसलेलीच्या मागे येते, पाठीवर हात मारते आणि 'खो' म्हणते. मग बसलेली उठून धावते आणि हात मारणारी तिच्या जागी बसते. संघाचे प्रशिक्षक ज्ञानूसर यांनी ह्या खेळातले दोनच नियम पोरींच्या डोक्यात पक्के भरले होते. शब्द कानावर पडल्याशिवाय उठायचं नाही, नुसत्या हातावर उठलं की फाऊल. आणि उठल्यावर मागे बघायचं नाही. "मागं बघून काय पोळी मिळणार हाय व्हय?" ते मैदानाच्या कडेने ओरडत. "खो कुणी दिला ते कशाला पायजे तुला? तू पळ!"

शिवानीला बहुतेक खो संयोगिताकडून मिळत. संयोगिता कोडोलीची, शेतकऱ्याघरची. घरी ऊस आणि म्हशी, रोज मोटरसायकलवरून सोडायला येणारा थोरला भाऊ उदयसिंह, आणि डबा विसरला म्हणून एसटीने शिरोलीपर्यंत येणारी आई तानाबाई. संयोगिता केस डोक्यावर गोळा करून बुटाच्या नाडीने बांधायची. दोघी एका ताटात जेवायच्या, भांडायच्या आणि पुन्हा एका ताटात जेवायच्या.

संयोगिताला एक खोड होती. सरावात ती मागून येऊन शिवानीच्या पाठीवर नुसताच हात ठेवायची, शब्द न बोलता. शिवानी ताडकन उठायची, फाऊल व्हायचा, ज्ञानूसरांच्या शिव्या बसायच्या आणि सगळी रांग हसून लोळायची. "फसलं बघ येडं!" संयोगिता म्हणायची. "बोलाबिगर उठतंय!" शेवटी शिवानीने मनाशी ठरवलं की काही झालं तरी ह्या खोट्या हातावर उठायचं नाही. हळूहळू तिला ते जमू लागलं. संयोगिता हात ठेवून वाट बघायची आणि शिवानी ओठ दाबून, हसू आवरून, दगडासारखी बसून राहायची.

एकदा खांबावर सूर मारताना संयोगिताचा अंदाज चुकला. डाव्या बरगडीखाली खांब लागला. ती हसत हसत उठली, वाळू झटकली आणि पुढचा डावही खेळली. मग तिला उलट्या होऊ लागल्या, तेव्हा सरांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस नजरेखाली ठेवू. सर कोडोलीला निरोप द्यायला गेले आणि शिवानी तिच्याजवळ थांबली.

तेव्हाही दुपारच होती. घरची माणसं येताना दिसावीत म्हणून शिवानी खाटेच्या कडेवर दाराकडे तोंड करून बसली होती, संयोगिताकडे पाठ करून. मागून संयोगिताची बडबड चालली होती, ती थांबली. थोड्या वेळाने पाठीवर हात आला. नुसताच हात, शब्द नाही.

शिवानीला हसू आलं. इथेसुद्धा हिची खोड जात नाही, असं तिला वाटलं. "न्हाय उठत जा," ती दाराकडे बघतच म्हणाली. "बोलाबिगर न्हाय उठत आता मी." हात तसाच राहिला. मग सावकाश खाली घसरला. तरी शिवानी बसून राहिली, चांगली ताठ, कारण ह्या खेपेला तिला जिंकायचं होतं.

आत, पोटात, रक्त साचत गेलं होतं. शब्द काढण्याएवढा दम संयोगितापाशी उरला नव्हता. जे काही उरलं होतं ते तिने हातात आणलं होतं. हे शिवानीला ती गेल्यावर कळलं आणि तिने ते कुणालाही सांगितलं नाही, वडिलांनासुद्धा.

पुढच्या महिन्यात ती मैदानावर गेली आणि रांगेत बसली. मागून एका पोरीने पाठीवर हात मारला, खणखणीत आवाजात खोही दिला. शिवानीचे पाय उठले नाहीत. पुन्हा दिला, पुन्हा तेच. "पाय शाबूत, दम शाबूत, मग झालंय काय तुला?" ज्ञानूसर कळवळून म्हणाले. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती. शिवानीने बूट काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि घरी येऊन वडिलांना म्हणाली, "बाबा, मला नर्सिंगला घाला." बाळासोंना वाटलं, पोरीने कायमच्या नोकरीचा विचार केला. तिला फक्त अशा जागी बसायचं होतं, जिथे उठणं हेच काम असतं.

शिकून झालं आणि ती ह्या हॉस्पिटलात लागली. पहिल्याच उन्हाळ्यात, एका दुपारी, वॉर्डातल्या स्टुलावर बसलेली असताना तिच्या पाठीवर हात आला. वजन ओळखीचं होतं. अंगठा जरासा वाकडा टेकायचा, तोही तसाच टेकला. ती घाबरली, पण उठली. तोंड होतं त्या दिशेने सरळ चालत गेली, आणि समोरच्या खाटेवरची बाई शुद्ध हरपत चाललेली सापडली. तेव्हापासून हात येई आणि ती उठे. शब्द कधीच नसे. ती मागे बघत नसे. काम संपवून परत आलं की स्टूल उबदार लागे, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. एकदा तिने चिमणाबाईला विचारलं, इथं कुणी बसलं होतं का? चिमणाबाई म्हणाली, "कोण बसणार वो? ह्या स्टुलावर बसायची छाती हाय का कुणाची?"

तो हात म्हणजे आपल्याला झालेली शिक्षा आहे, असं शिवानीला वाटे. आणि बरेच दिवस हात आला नाही की तिला करमत नसे, कारण संयोगिताचं तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं. ड्रेसिंग रूममध्ये तो हात कशाला येईल? तिथे बोट कापलेली, गळू झालेली माणसं यायची, मरणाच्या दाराशी टेकलेलं कुणी नसायचं. आणि इथे वॉर्डात, हात येईल तेव्हा स्टुलावर दुसरीच कुणीतरी बसलेली असेल. ती उठेल का?

त्याच आठवड्यात कोडोलीहून तानाबाई दाखल झाली. गर्भपिशवी काढायची होती. सोबत उदयसिंह होता. त्याचं अंग सुटलं होतं, कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पण शिवानीने दोघांनाही दारातच ओळखलं. संयोगिताच्या बाराव्यानंतर ती त्यांच्या घरी कधी गेली नव्हती.

"शिवानी न्हवं तू?" तानाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला. "किती वाळलीस गं पोरी. बरं झालं बाई, आपलं माणूस हाय म्हटल्यावर भ्या न्हाय."

"व्हय, काकी," शिवानी म्हणाली. उदयसिंह नुसती मान हलवून पिशव्या खाटेखाली सरकवू लागला. दुसऱ्या दिवशी तर तो तिच्याकडे बघेनासाच झाला. जुन्या बायकांनी त्याला संडास कुठे आहे ते सांगितलं असावं, आणि मग बाकीचंही.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. शनिवारी सकाळी शिवानी सलाइन बदलत असताना तानाबाईने तिचा हात धरून ठेवला.

"एवढी वर्सं झाली पोरी. एक इचारू? तू हुतीस न्हवं तिच्याजवळ? शेवटाला कायतरी बोलली आसंल की."

"न्हाय काकी. बोलली न्हाय."

"आईची आठवण काढली आसंल."

"बोलली न्हाय, काकी."

ते खरं होतं. खरं असूनही ते सांगताना शिवानीला चोरी केल्यासारखं वाटलं. पायथ्याशी बसलेला उदयसिंह घसा खाकरून म्हणाला, "सिस्टर, झालं आसंल तर जावा आता. दुपारनं दुसऱ्या कुणाला तरी पाठवा हिकडं."

दुपारी शिवानी स्टुलावर बसली. वॉर्डातले तिचे दोनच दिवस राहिले होते. समोरच्या रांगेत तानाबाई गळ्यापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती आणि उशाशी उदयसिंह पेपर वाचत होता. सगळं ठीक दिसत होतं. कुणाचातरी ट्रान्झिस्टर बारीक आवाजात चालू होता, बाहेर चिमणाबाई बादली ठेवत होती.

पाठीवर हात आला.

एरवी तो क्षणभर टेकून निघून जाई. आज तो निघाला नाही. दाबतच राहिला, बोटं कापडातून रुतायला लागली. शिवानी उठली. ट्रान्झिस्टर कुणीतरी बंद केला. एक बाई पुटपुटू लागली. शिवानी सरळ चालत निघाली आणि ती कुणाकडे येते आहे ते उदयसिंहाला दोन पावलांतच कळलं. पेपर टाकून तो आईच्या खाटेसमोर आडवा उभा राहिला.

"फुडं याचं न्हाय," तो म्हणाला. "लोक काय सांगत्यात ते ऐकलंय मी."

"दादा, बाजूला व्हा."

"म्हातारी झोपलीया. चांगली हाय. तू जवळ आलीस की काय हुतंय ते सगळा वॉर्ड सांगतोय." त्याचा आवाज चढला. "तवा बी तूच बसलीतीस न्हवं माझ्या भणीजवळ? काय केलंस गं तू तवा?"

"काय न्हाय केलं," शिवानी म्हणाली. "बसून राहिले. आज बसणार न्हाय."

तो दाराएवढा रुंद माणूस होता. तिने डावा खांदा खाली टाकला, तो त्या बाजूला झुकला, आणि ती उजवीकडून त्याच्या हाताखालून निघून खाटेपाशी पोचली. मैदान सोडून तिला दहा वर्षं झाली होती. पायांना कुणी ते सांगितलं नसावं.

तानाबाईचं कपाळ घामाने गार पडलं होतं. नाडी धावत होती आणि बोटांखाली सापडत नव्हती. शिवानीने पांघरूण दूर केलं. खालची चादर आणि गादी लाल होऊन भिजली होती. उदयसिंह मागे सरकत भिंतीला टेकला आणि मग त्याला एकदम रडू आलं.

पुढचं सगळं धावपळीत झालं. शिवानीने खाटेचा पायथा उचलून धरला, चिमणाबाई ओरडत गेली, डॉक्टर आले, स्ट्रेचर आलं. आत बांधलेली एक रक्तवाहिनी सुटली होती. दारातून स्ट्रेचर बाहेर नेताना तानाबाईचे डोळे अर्धवट उघडले. ती शिवानीकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे, वॉर्डाच्या मधोमध, स्टुलाकडे बघत होती.

चार वाजता डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाचल्या. शिवानी वॉर्डात परत आली. तिला बसायचं होतं. सवयीने तिने ऊब बघायला स्टुलावर हात टेकवला. हात स्टुलापर्यंत गेला नाही. वीतभर वरच ऊब लागली, माणसाच्या अंगाची असते तशी. तिने हात काढून घेतला आणि ती उभीच राहिली.

घरी येऊन तिने युनिफॉर्म उजेडात धरला. पुढच्या बाजूला तानाबाईच्या रक्ताचे डाग होते. पाठ पांढरीफेक होती; एवढा दाबलेला हात, पण ह्या खेपेला वाळूचा कणही मागे ठेवून गेला नव्हता.

रविवारी दुपारी तानाबाई उशीला टेकून घोट घोट पाणी पीत होती. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाजात जीव आला होता. शिवानी नाडी बघायला आली तेव्हा उदयसिंहाने उठून तिला वाट करून दिली.

"काल मला ओलं लागत हुतं गं," तानाबाई म्हणाली. "पर पोरगा उशाला बसलाता. बाईमाणसानं त्याच्यादेखत कसं सांगायचं? म्हटलं, थांबंल आपोआप. मी हाक मारली न्हाय, ह्याला कळलं न्हाय. मग तुला कुणी सांगितलं?"

शिवानीने उदयसिंहाकडे पाहिलं. आज त्याने तिला जायला सांगितलं नाही.

"काकी, त्या दिशी ती बोलली न्हाय, हे खरं हाय," ती म्हणाली. "पण तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला हुता. मला वाटलं, चेष्टा करत्या. खेळताना करायची तशी. मी उठले न्हाय. मागं वळून बघितलं बी न्हाय. बसून राहिले."

एवढी वर्षं दाबून ठेवलेलं एवढंसंच होतं. ते बोलून झालं आणि तिला वाटलं, आता तानाबाई हातातला पेला फेकून मारेल. मारावा, असंच तिला वाटत होतं. तानाबाईने पेला शेजारच्या कपाटावर ठेवला.

"आन काल?" तिने विचारलं.

"काल बी तोच हात हुता, काकी."

"काल उठलीस न्हवं?"

"उठले."

"मग झालं," तानाबाई म्हणाली. तिने शिवानीचं मनगट घट्ट धरलं, एवढं की बांगडी रुतली. मग तिची नजर शिवानीच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच राहिली. "म्हणून बसली व्हय ती."

"कोण, आई?" उदयसिंह म्हणाला.

"स्टुलावर. कालपास्नं माझ्याकडं बघत बसलीया की. बोलत न्हाय. केसाला अजून ती बुटाची नाडीच बांधलीया बघ, किती रिबिनी आणून दिल्त्या." तिचा आवाज चिरकला. "शिवानी, हाक मार की गं तिला. माझी हाक तिनं कधी मनावर घेतली न्हाय. तुझी घेईल."

शिवानीची पाठ स्टुलाकडे होती. वळून एकदा बघावं, एकदाच, असं तिला इतकं वाटलं की मानेच्या शिरा ताठ झाल्या. संयोगिताचा चेहरा तिला हल्ली नीट आठवतही नसे. ती वळली नाही.

"बसू द्या, काकी," ती म्हणाली. "लय पळलीया ती."

त्या दुपारी शिवानी बसली नाही. पाठ हलकी झाली होती आणि त्या हलकेपणाचं तिला रडू येत होतं, कारण आता हात येणार नाही हे तिला कळलं होतं. पाठीवर हात मारणारी तिच्या जागी बसली होती. आता कुणाकडे जायचं ते सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून ती सगळ्यांकडेच गेली. एका रांगेने निघाली, प्रत्येक खाटेपाशी थांबली, नाडी बघितली, पांघरुणाखाली हात घालून बघितलं, दुसऱ्या रांगेने परत आली आणि पुन्हा पहिल्या खाटेपासून निघाली. सगळ्यांपाशीच थांबत असल्यामुळे कुणी चादर ओढून घेतली नाही. ती बोलकी सूनसुद्धा म्हातारीची कूस बदलायला तिच्या मदतीला उठली. मेट्रन दारातून बघून गेली आणि सोमवारचं काही बोलली नाही.

भेटीची वेळ झाली तशी गर्दी वाढली. फेटा बांधलेले एक म्हातारे गृहस्थ कुणालातरी बघायला आले होते. गुडघे धरून ते बसायला जागा शोधत होते. मधोमध रिकामं स्टूल दिसताच ते तिकडे वळले आणि त्यांनी त्याला हात घातला.

"पावणं, तितं नगा बसू," उदयसिंह धावत येऊन म्हणाला. "माणूस हाय तितं."

त्याने आपली खुर्ची उचलून त्यांच्यापुढे ठेवली. पाहुण्यांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं, मग उदयसिंहाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता ते खुर्चीत बसले. उदयसिंह स्टुलाला वळसा घालून गेला आणि आईच्या उशाशी उभा राहिला. पलीकडच्या रांगेत शिवानी एका खाटेपाशी वाकून नाडी मोजत होती.